प्राचीन ग्रीक युद्धेतिहासातील वेढा आणि चाकणचा संग्रामदुर्ग (इ.स. १६६०) : एक तुलनात्मक विवेचन

सारांश :

मराठ्यांच्या इतिहासातील शौर्यप्रसंगांचे वर्णन करताना प्राचीन ग्रीक इतिहासातील थर्मोपिलीच्या लढाईचा दाखला देण्याची प्रथा मराठी इतिहासलेखनात व अध्यापनात रूढ झालेली आहे. प्रस्तुत लेखात या दाखल्याची मर्यादा तपासली असून, इ.स. १६६० मधील चाकणच्या वेढ्याचे आकलन होण्यासाठी थर्मोपिलीपेक्षा प्लेटिया, हॅलिकार्नासस व ऱ्होड्स येथील वेढे अधिक उपयुक्त ठरतात, असे प्रतिपादन केले आहे. लिओनिडास, आर्किडामस, मेम्नॉन व डिमिट्रिअस या ग्रीक व्यक्तींच्या कार्याच्या संदर्भात किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांच्या प्रतिकाराचे स्वरूप स्पष्ट करणे, हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

प्रस्तावना :

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा परिसर आज देशातील एक प्रमुख औद्योगिक पट्टा म्हणून ओळखला जातो. इ.स. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला, त्यानंतरच्या दशकांत औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि पुढे पुणे-नाशिक मार्गावरील चाकणचा माळ वाहननिर्मितीचे केंद्र बनला. या पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी चाकण हे नाव प्रामुख्याने कारखान्यांशी जोडतात. तथापि, याच चाकणच्या वस्तीत संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला आहे आणि इ.स. १६६० च्या पावसाळ्यात मोगल साम्राज्याच्या दख्खनमधील सर्वोच्च अधिकाऱ्याला या किल्ल्यासमोर जवळजवळ दोन महिने अडकून पडावे लागले होते.

या प्रसंगाची माहिती पाठ्यपुस्तकांत व स्थानिक लेखनात येते. परंतु ती बहुधा 'असामान्य शौर्य', 'पराक्रमाची शर्थ' अशा विशेषणांच्या आधारे येते. फिरंगोजींनी नेमके काय केले, त्यातील कोणता भाग युद्धशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा होता आणि शरणागतीने संपलेल्या लढ्याला यश कोणत्या अर्थाने म्हणावे, या प्रश्नांची चर्चा त्यामानाने कमी होते. या प्रश्नांचा विचार करताना ग्रीक युद्धेतिहासाचा आधार घेता येतो. मात्र त्यासाठी योग्य उदाहरणाची निवड करणे आवश्यक आहे.

महाराष्ट्र आणि ग्रीक जग : संबंधाचे दोन टप्पे :

महाराष्ट्राचा ग्रीक जगाशी आलेला पहिला संबंध व्यापाराचा व दानधर्माचा होता. चाकणच्या उत्तरेस असलेल्या जुन्नर परिसरातील लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. त्यांपैकी इरिल या यवनाने पाण्याची टाकी आणि चिट या यवनाने भोजनमंडप दान दिल्याची नोंद आढळते. लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृहाच्या अनेक स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांची दाने कोरलेली आहेत. यवन ही संज्ञा मुळात ग्रीकांसाठी आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतर परकीयांसाठीही वापरली गेली. याउलट, नाशिक येथील गौतमी बलश्रीच्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीचा उल्लेख शक, यवन व पह्लव यांचा नाश करणारा असा येतो. म्हणजेच या भूमीने यवनांना दाते म्हणूनही पाहिले आणि शत्रू म्हणूनही.

दुसरा टप्पा एकोणिसाव्या शतकातील आहे. इंग्रजी शिक्षणाबरोबर ग्रीस व रोमचा इतिहास येथील महाविद्यालयांत शिकवला जाऊ लागला. इंग्रज इतिहासकारही भारतीय शौर्यकथा सांगताना ग्रीक उपमा वापरत असत. कर्नल टॉडने राजस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात (१८२९-३२) तेथील लहानमोठ्या राज्यांच्या संदर्भात थर्मोपिली आणि लिओनिडास ही नावे वापरली, हे सर्वश्रुत आहे. पुढे महाराष्ट्रातही पावनखिंडीच्या लढाईला 'महाराष्ट्राची थर्मोपिली' असे संबोधण्याची पद्धत रूढ झाली. परकीय सत्तेच्या काळात आपला इतिहास जागतिक मान्यतेच्या पातळीवर नेण्याची गरज या उपमेमागे होती, हे समजण्यासारखे आहे. तथापि, उपमा एकदा रूढ झाली की ती तपासून पाहण्याचे काम मागे पडते.

थर्मोपिलीची उपमा व तिची मर्यादा :

इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियाचा सम्राट झर्क्सिस याने ग्रीसवर स्वारी केली. उत्तरेकडून मध्य ग्रीसमध्ये उतरणाऱ्या थर्मोपिलीच्या अरुंद वाटेवर स्पार्टाचा राजा लिओनिडास सुमारे सात हजार ग्रीक सैनिकांसह उभा राहिला. त्यांत स्पार्टाचे तीनशे निवडक योद्धे होते. दोन दिवस पर्शियन सैन्याला ही वाट ओलांडता आली नाही. त्यानंतर एफिआल्टीस नावाच्या माणसाने डोंगरातील दुसरी वाट शत्रूला दाखविली. लिओनिडासने बहुतेक सैन्याला माघारी धाडले व तिसऱ्या दिवशी उरलेल्या सैनिकांसह तो लढता लढता मारला गेला. लोकस्मृतीत केवळ तीनशे स्पार्टन राहिले असले, तरी थेस्पिया या लहान नगराचे सातशे सैनिकही डेमोफिलसच्या नेतृत्वाखाली स्वेच्छेने मागे राहिले होते, असे हिरोडोटस नमूद करतो.

थर्मोपिलीची लढाई ही एकाकी घटना नव्हती. त्याच दिवसांत आर्टेमिसिअमजवळ ग्रीक आरमार पर्शियन आरमाराशी झुंजत होते. खिंड पडल्यानंतर पर्शियनांनी अथेन्स जाळले. परंतु थेमिस्टोक्लीसच्या धोरणामुळे त्याच वर्षी सलामिसच्या सागरी लढाईत आणि पुढील वर्षी पॉसेनिअसच्या नेतृत्वाखाली प्लेटियाच्या रणांगणावर ग्रीकांचा विजय झाला. थर्मोपिलीचे नैतिक मूल्य मोठे आहे. मात्र तिचे लष्करी उद्दिष्ट, म्हणजे शत्रूला खिंडीत थोपविणे, हे सफल झाले नाही.

पावनखिंडीची परिस्थिती यापेक्षा भिन्न होती. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंड अडविली, ती राजाला विशाळगडावर सुखरूप पोहोचता यावे यासाठी. शिवाजी महाराज गडावर पोहोचले, म्हणजेच उद्दिष्ट पूर्ण झाले. थर्मोपिलीत राजा स्वतः पडला. पावनखिंडीत राजा वाचावा म्हणून सेवक पडला. अरुंद वाट, विषम संख्याबळ आणि सेनानीचे आत्मार्पण ही तीन साम्ये वगळता दोन्ही प्रसंगांचा हेतू व परिणाम वेगळा आहे. किंबहुना लष्करी यशाच्या कसोटीवर पावनखिंड थर्मोपिलीपेक्षा सरस ठरते. उपमेमुळे हा फरक झाकला जातो.

याच उपमेचा दुसरा परिणाम असा की, खिंड आणि हौतात्म्य ही शौर्याची एकमेव प्रतिमा मनात ठसते. त्यामुळे तटाआड राहून आठवड्यामागून आठवडे झुंजणारा आणि अखेर जिवंत बाहेर पडणारा किल्लेदार या चौकटीत नीट बसत नाही. चाकणच्या वेढ्याकडे झालेल्या दुर्लक्षाचे हे एक कारण असावे.

चाकणचा वेढा : घटनाक्रम :

संग्रामदुर्गाचे महत्त्व त्याच्या स्थानात होते. उंच डोंगर, तुटलेले कडे अशी नैसर्गिक संरक्षणे त्याला नव्हती. गॅझेटियरमधील वर्णनानुसार हा किल्ला साधारण चौरस आकाराचा असून कोपऱ्यांवर व भिंतींच्या मध्यभागी बुरूज होते. भोवती सुमारे ३० फूट रुंद व १५ फूट खोल खंदक होता आणि प्रवेश पूर्वेकडून, एकामागे एक असलेल्या दरवाजांतून होता. अहमदनगर, जुन्नर, पुणे आणि घाटवाटा यांना जोडणाऱ्या मार्गांवर असल्यामुळे बहमनी काळापासूनच चाकण हे लष्करी ठाणे होते.

औरंगजेबाने दख्खनच्या सुभेदारीवर नेमलेला शायिस्ताखान फेब्रुवारी १६६० मध्ये अहमदनगरहून निघाला आणि ९ मे रोजी पुण्यात पोहोचला. मराठ्यांनी पुण्याच्या आसपासचा दाणागोटा नष्ट केला होता व पावसाळ्यात नद्या भरल्यावर अहमदनगरहून येणारी रसद तुटण्याचा धोका होता. चाकण हाती आल्यास नगरकडील पुरवठ्याचा मार्ग सुरक्षित होणार होता. म्हणून १९ जून रोजी खान पुण्याहून निघाला आणि २१ जूनला चाकणपुढे आला. किल्ल्याभोवती मोर्चे बांधण्यात आले, तोफांसाठी दमदमे उभारण्यात आले आणि ईशान्येकडील बुरुजाच्या दिशेने सुरुंग खणण्यास प्रारंभ झाला.

किल्ल्यात मोजकी शिबंदी होती व फिरंगोजी नरसाळा हे किल्लेदार होते. बाहेरून कुमक येण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, कारण शिवाजी महाराज स्वतः सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर अडकले होते. १२ जुलैच्या रात्री त्यांनी पन्हाळा सोडला, तेव्हा चाकणच्या वेढ्याला तीन आठवडे होऊन गेले होते. त्यानंतरही आदिलशाही व मोगल अशा दोन आघाड्यांवर एकाच वेळी मोठी फौज पाठविणे शक्य नव्हते. याचा अर्थ, चाकणच्या शिबंदीला आपल्या बळावरच झुंजायचे होते. पावसामुळे वेढा घालणाऱ्यांचे हाल होत होते व किल्ल्यातून होणाऱ्या माऱ्यामुळे त्यांची हानी होत होती. तरीही सुरुंगाचे काम थांबले नाही.

१४ ऑगस्ट १६६० रोजी दुपारी तीनच्या सुमारास सुरुंग उडविण्यात आला. बुरूज व त्यावरील माणसे उडाली. मोगल सैन्याने लगेच सुलतानढवा केला. परंतु खिंडाराच्या आत शिबंदीने आधीच मातीचा उंच बांध घातलेला होता. त्याच्या आडून बाण, बंदुका, हुक्के व दगड यांचा मारा झाला आणि मोगलांना मोठ्या हानीनिशी थांबावे लागले. रात्र त्यांनी जिंकलेल्या जागेवरच काढली. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, हल्ला पुन्हा सुरू झाला. तट हाती पडला व उरलेल्या शिबंदीने आतील भागाचा आश्रय घेतला. अखेर राव भावसिंग हाडा याच्या मध्यस्थीने किल्ला स्वाधीन करण्यात आला. मोगल बाजूने २६८ ठार व ६०० जखमी झाल्याचा आकडा सांगितला जातो. मोगल दरबारच्या अधिकृत इतिहासपरंपरेतून तो आलेला असल्यामुळे पराक्रमाच्या अतिशयोक्तीचा आरोप त्यावर करता येत नाही.

वेढ्याच्या दिवसांची संख्या ५४, ५५ किंवा ५६ अशी वेगवेगळी दिली जाते. २१ जून हा दिवस धरून १४ ऑगस्टपर्यंत ५५ आणि १५ ऑगस्टपर्यंत ५६ दिवस होतात. आरंभीचा दिवस सोडल्यास सुरुंग उडेपर्यंत ५४ दिवस होतात. हा फरक मोजणीच्या पद्धतीचा आहे.

प्लेटिया : चाकणला जवळचे उदाहरण :

प्लेटिया हे मध्य ग्रीसमधील लहान नगर अथेन्सच्या पक्षात होते. शेजारच्या बलाढ्य थीब्ज नगराशी त्याचे वैर होते. इ.स.पू. ४३१ मध्ये थीब्जच्या सैनिकांनी फितुरीच्या साहाय्याने रात्री नगरात प्रवेश केला; नागरिकांनी त्यांना पराभूत केले व पकडलेल्या १८० जणांना ठार केले. दोन वर्षांनंतर, इ.स.पू. ४२९ मध्ये, स्पार्टाचा राजा आर्किडामस याने प्लेटियाला वेढा घातला. नगरात ४०० प्लेटियन व ८० अथेनियन पुरुष आणि भाकरी करण्यासाठी ११० स्त्रिया एवढेच लोक उरले होते, असे थ्युसिडिडीस सांगतो.

आर्किडामसने तटाला लागून मातीचा प्रचंड ढिगारा उभारण्यास प्रारंभ केला. सत्तर दिवस व रात्री पाळ्या लावून हे काम चालले. प्लेटियनांनी त्याला तीन प्रकारे उत्तर दिले. प्रथम, ढिगाऱ्यासमोरील तटावर लाकडी सांगाड्यात विटा रचून तटाची उंची वाढविली व आगीपासून बचावासाठी त्यावर कातडी ताणली. दुसरे, तटाला भोक पाडून आणि नंतर नगरातून भुयार खणून ढिगाऱ्याखालची माती ते आत ओढून घेऊ लागले, त्यामुळे वरून कितीही भर घातली तरी ढिगारा खचत राहिला. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धोक्यातील तटाच्या आतल्या बाजूस त्यांनी अर्धचंद्राकृती दुसरी भिंत बांधली. बाहेरचा तट पडला तरी शत्रूला तेच काम नव्याने करावे लागावे, तेही दोन्ही बाजूंनी मारा सोसत, असा त्यामागे विचार होता.

चाकणच्या खिंडारामागील मातीचा बांध हा याच विचाराचा आविष्कार होय. येथे प्रभावाचा किंवा अनुकरणाचा प्रश्नच उद्भवत नाही. सतराव्या शतकातील मराठा किल्लेदाराने थ्युसिडिडीस वाचलेला नव्हता. समस्या समान असल्यामुळे उत्तरही समान आले. तट पडणार हे ओळखून तो पडण्यापूर्वीच दुसऱ्या तटाची सिद्धता करणे, यासाठी शौर्याबरोबरच शत्रूच्या कामाचे बारकाईने निरीक्षण आणि पुढचा अंदाज लागतो. चाकणच्या शिबंदीने सुरुंगाची दिशा ओळखली होती, असे या बांधावरूनच म्हणता येते. बांध नेमका खिंडारामागे होता व सुरुंग उडण्यापूर्वी तयार होता, ही गोष्ट योगायोगाने घडणारी नाही.

हॅलिकार्नासस व ऱ्होड्स :

आतील भिंतीचा हा उपाय ग्रीक जगात पुढेही आढळतो. इ.स.पू. ३३४ मध्ये अलेक्झांडरने हॅलिकार्नाससला वेढा घातला, तेव्हा पर्शियाच्या सेवेतील ग्रीक सेनानी, ऱ्होड्सचा मेम्नॉन, नगराच्या बचावाचे नेतृत्व करीत होता. यंत्रांच्या माऱ्याने तटाला खिंडार पडल्यावर बचाव करणाऱ्यांनी आत विटांची अर्धचंद्राकृती भिंत उभी केली व त्यामुळे अलेक्झांडरला पुन्हा प्रयत्न करावा लागला. जगज्जेता म्हणून गौरविलेल्या अलेक्झांडरलाही इ.स.पू. ३३२ मध्ये टायर हे बेटावरील नगर घेण्यास सात महिने लागले, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

इ.स.पू. ३०५ मध्ये डिमिट्रिअसने ऱ्होड्सला वेढा घातला. त्याने चाकांवर चालणारा, अनेक मजल्यांचा प्रचंड लाकडी मनोरा बनविला होता. ऱ्होड्सच्या नागरिकांनी आतील बाजूस नव्या भिंती बांधल्या, शत्रूच्या भुयाराला प्रतिभुयाराने उत्तर दिले आणि सुमारे एक वर्ष टिकाव धरला. इ.स.पू. ३०४ मध्ये तह होऊन वेढा उठला. डिमिट्रिअसने मागे टाकलेल्या साहित्याच्या विक्रीतून ऱ्होड्सच्या लोकांनी सूर्यदेवाचा तो सुप्रसिद्ध महाकाय पुतळा उभारला, असे सांगितले जाते. वेढ्यात अपयश येऊनही डिमिट्रिअसला इतिहासात 'पोलिओर्सेटीस', म्हणजे नगरांना वेढा घालणारा, हे बिरुद मिळाले. ऱ्होड्सचा बचाव करणाऱ्यांची नावे मात्र सामान्य वाचकाला ठाऊक नसतात. मराठी स्मृतीने याबाबत वेगळा न्याय केला. चाकण जिंकणाऱ्या सरदारांची नावे विस्मरणात गेली आणि किल्ला गमावणाऱ्या किल्लेदाराचे नाव टिकून राहिले.

ग्रीक व मराठा काळातील वेढ्यांतील मुख्य फरक दारूचा आहे. ग्रीक काळात तटाखाली भुयार खणून, त्याला लाकडी टेकू देऊन, नंतर ते टेकू जाळले जात. त्यामुळे तट खचत असे. सतराव्या शतकात त्याच भुयारात दारू भरली जाई व एका क्षणात बुरूज उडत असे. बचाव करणाऱ्याला प्रतिक्रियेसाठी मिळणारा वेळ यामुळे दिवसांवरून क्षणांवर आला. म्हणूनच चाकण येथे बांध आधीच तयार असण्याचे महत्त्व प्लेटियातील भिंतीपेक्षाही अधिक ठरते. भुयाराचा शोध घेण्याचे उपाय ग्रीकांना ज्ञात होते. बार्का नगराच्या वेढ्यात एका लोहाराने पितळी मुलामा असलेली ढाल जमिनीला लावून, जेथे आवाज घुमतो तेथे खाली खोदकाम चालू आहे हे ओळखले, अशी हकीकत हिरोडोटसने दिली आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात इनिअस टॅक्टिकस याने वेढ्यातील नगराच्या संरक्षणावर लिहिलेल्या ग्रंथातही ती येते. दरवाजे, पहारे, परवलीचे शब्द यांबरोबरच आतल्या फितुरीचा धोका हा त्याच्या ग्रंथाचा मोठा विषय आहे. चाकणचा किल्ला फितुरीने पडला नाही, सुरुंगाने पडला, ही बाब इनिअसच्या कसोटीवर फिरंगोजींच्या नेतृत्वाची साक्ष देते.

शरणागतीचा प्रश्न :

प्लेटिया व चाकण या दोन्ही वेढ्यांचा शेवट शरणागतीत झाला; परंतु त्यानंतर जे घडले ते पूर्णतः भिन्न होते. ढिगारा निष्फळ ठरल्यावर स्पार्टाने प्लेटियाभोवती दुहेरी भिंत बांधून नाकेबंदी केली. हिवाळ्यातील एका वादळी रात्री २१२ जण शिड्यांच्या साहाय्याने ही भिंत ओलांडून अथेन्सला निसटले. शिड्यांची उंची ठरविण्यासाठी त्यांनी शत्रूच्या भिंतीतील विटांचे थर अनेकांकडून अनेकदा मोजवून घेतले होते. उरलेले लोक उपासमारीने हतबल होऊन इ.स.पू. ४२७ मध्ये शरण आले. स्पार्टाच्या न्यायाधीशांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : चालू युद्धात तुम्ही स्पार्टाची व तिच्या मित्रांची काही सेवा केली आहे काय? नाही, हे उत्तर देणाऱ्या किमान २०० प्लेटियनांना आणि २५ अथेनियनांना ठार करण्यात आले. स्त्रियांना गुलाम करण्यात आले. ज्यांच्या नगराच्या भूमीवर अर्धशतकापूर्वी पर्शियनांचा निर्णायक पराभव झाला होता, त्यांना ग्रीकांनीच दिलेला हा न्याय होता.

चाकण येथे किल्ला स्वाधीन झाल्यावर शायिस्ताखानाने फिरंगोजींना सन्मानाने वागविले व मोगलांच्या चाकरीत येण्याचा प्रस्ताव ठेवला; फिरंगोजींनी तो नाकारला आणि त्यांना जाऊ देण्यात आले, अशी हकीकत मराठी परंपरेत तसेच ग्रँट डफच्या इतिहासातही येते. शिवाजी महाराजांनी त्यांचा गौरव केला व पुढे भूपाळगडाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविली. प्लेटियात जेत्याने सेवेविषयी विचारले ते मृत्युदंडाचे निमित्त म्हणून. चाकण येथे जेत्याने सेवेविषयी विचारले ते शत्रूच्या गुणांची कदर म्हणून. दोन्ही ठिकाणी उत्तर नकारार्थीच आले. मात्र येथे जेत्याची उदारता पाहताना त्यातील व्यवहारही नजरेआड करू नये. मातब्बर शत्रूला मनसब देऊन आपल्याकडे वळविणे हे मोगल राजनीतीचे प्रस्थापित तंत्र होते. त्या तंत्राला नकार मिळणे, ही गोष्ट म्हणूनच अधिक अर्थपूर्ण ठरते.

शरण जाणे म्हणजे कलंक, ही कल्पना थर्मोपिलीच्या आदर्शातून बळावलेली आहे. स्वतः स्पार्टालाही ती पेलली नाही. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर कोंडीत सापडलेले २९२ सैनिक शस्त्रे खाली ठेवून शरण आले व त्यांत सुमारे १२० स्पार्टाचे पूर्ण नागरिक होते. या घटनेने संपूर्ण ग्रीस चकित झाला, असे थ्युसिडिडीस नमूद करतो. त्या माणसांना परत मिळविण्यासाठी स्पार्टाने पुढे तहाची तयारी दाखविली. शिवाजी महाराजांनी फिरंगोजींचा केलेला गौरव या पार्श्वभूमीवर पाहिल्यास त्यातील शहाणपण ध्यानात येते. प्रतिकाराचे उद्दिष्ट साध्य झाल्यावर अनुभवी किल्लेदार व उरलेली शिबंदी जिवंत परत येणे, हे लहान राज्याच्या दृष्टीने हिताचेच होते.

प्रतिकाराचे फलित :

चाकण पडले, परंतु खानाला त्याची जबर किंमत मोजावी लागली. सपाट मैदानावरील एका भुईकोटासाठी पावसाळ्याचे जवळजवळ दोन महिने खर्ची पडले व आठशेहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झाली. सह्याद्रीतील दुर्गम गड याच पद्धतीने एकामागून एक घ्यायचे तर किती काळ व किती सैन्य लागेल, याचा हिशेब या वेढ्याने मोगलांपुढे मांडला. त्यानंतर खानाचा मुख्य मुक्काम पुण्यातच राहिला. फेब्रुवारी १६६१ मध्ये कोकणात उतरणाऱ्या कारतलबखानाचा उंबरखिंडीत पराभव झाला आणि ५ एप्रिल १६६३ रोजी लाल महालावर झालेल्या छाप्यानंतर खानाची बंगालच्या सुभ्यावर बदली झाली. या सर्व घटनांचे श्रेय एकट्या चाकणला देणे अनैतिहासिक ठरेल. तथापि, पन्हाळ्याचा वेढा चालू असताना मोगलांची मुख्य फौज चाकणपुढे गुंतून राहिली, यामुळे स्वराज्याला अत्यंत कठीण अशा काळात अवधी मिळाला, हे निश्चित.

अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार :

संग्रामदुर्गाच्या तटाचे व बुरुजांचे काही अवशेष आज शिल्लक आहेत. बराचसा भाग वाढत्या वस्तीत हरवला आहे. ज्या कारणांसाठी १६६० मध्ये चाकण महत्त्वाचे होते, म्हणजे सपाट माळ, मार्गांचा संगम व पुरवठ्याची सोय, त्याच कारणांसाठी आधुनिक उद्योग येथे आले. भूगोलाने किल्ल्याला महत्त्व दिले आणि त्याच भूगोलाने किल्ल्याभोवती गर्दी उभी केली. त्यामुळे अवशेषांच्या जतनाचा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा राहत नाही; परिसरातील शिक्षणसंस्थांच्या आस्थेचाही तो प्रश्न आहे.

या संदर्भात तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली, इतिहासाच्या अध्यापनात ग्रीक उदाहरणांचा उपयोग गौरवाच्या उपमेसाठी न करता तुलनेसाठी करावा. साम्याबरोबर भेदही सांगावेत. दुसरी, चाकणचा वेढा केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुरता न ठेवता भूगोल, स्थापत्य व यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढेही अभ्यासविषय म्हणून ठेवावा. मोर्चे, सुरुंग, खंदक व रसद हे त्यांच्याही विषयाशी निगडित आहेत. तिसरी, शिल्लक तट, बुरूज व खंदकाच्या खुणांची मोजमापे व छायाचित्रांसह नोंद परिसरातील महाविद्यालयांनी क्षेत्रभेटींतून करावी व दर काही वर्षांनी ती ताडून पाहावी. जे नाहीसे होत आहे त्याची निदान नोंद तरी शिल्लक राहील.

निष्कर्ष :

१) पावनखिंडीसाठी रूढ झालेली थर्मोपिलीची उपमा बाह्य साम्यावर आधारलेली असून हेतू व परिणाम यांच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग भिन्न आहेत.

२) चाकणचा प्रतिकार समजून घेण्यासाठी प्लेटिया, हॅलिकार्नासस व ऱ्होड्स येथील वेढे अधिक समर्पक आहेत. पडणाऱ्या तटामागे दुसरा तट उभारणे हे त्यांतील समान सूत्र होय.

३) फिरंगोजी नरसाळा यांचे नेतृत्व केवळ शौर्याचे नव्हे, तर पूर्वतयारी, निरीक्षण आणि शिबंदीची एकजूट राखण्याचे होते.

४) शरणागतीने संपलेला प्रतिकारही आपले उद्दिष्ट साध्य करू शकतो. चाकणने वेळ मिळविला आणि शत्रूच्या योजनेची किंमत वाढविली.

लिओनिडासचे नाव महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ठाऊक असावे, यात शंका नाही. परंतु चाकणच्या कारखान्यात रोज जाणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्याला, आपण ज्या रस्त्याने जातो त्याच्या जवळच एका किल्लेदाराने पडणाऱ्या बुरुजामागे मातीचा बांध घालून ठेवला होता, हेही ठाऊक असणे तितकेच आवश्यक आहे.